अवचित टिपलेलं

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. प्रताप नगरातल्या आमच्या गच्चीवर नातू दुर्बिणीला कॅमेरा लावून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो घेत होता. पावणेआठच्या सुमारास जळते गोळे रांगेनं आकाशातून सरकत गेले. शेजारच्या मुलीनं ते मोबाईलवर टिपलं. नातवाच्या कॅमेऱ्यात मात्र काहीच नाही! बिचारा हिरमुसला. पण दुर्बिणीत आकाशाचा जेमतेम एखादा अंश मावतो, त्याची काय चूक?

चूक माझी. जन्मभर मास्तरकी केलेला मी, "उल्का आहेत" असं छातीठोकपणे सांगून मोकळा झालो. अहो, बहुतेक उल्का पापणी लवते न लवते तोच विझतात. हे तर सावकाश, तुटत तुटत चाललं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीला भलंमोठं धातूचं कडं पडलं, तेव्हा उमगलं. २०२१ साली सोडलेल्या चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. कुणाच्या डोक्यावर पडलं असतं तर?

माझं मत असं, की अशा फोटोंना 'नशिबाचा खेळ' म्हणून हिणवू नये. दोन गावांहून घेतलेल्या चित्रणांवरून वस्तूची उंची आणि वाट काढता येते. मात्र वेळ, जागा, दिशा नोंदलेली हवी. शेजारच्या मुलीला वेळ विचारली तर म्हणाली, "संध्याकाळी, आजोबा."

आता नातू दुर्बिणीशेजारी जुना मोबाईल आकाशाकडे तोंड करून ठेवतो. वही आणि घड्याळ माझ्याकडे.