अब्बांच्या येझदीची किंमत

आपाची इद्दत पुरी झाली त्या आठवड्यात तिचा फोन आला. "रविवारी घरी ये. मुलं कसल्याशा कागदावर सह्या करायच्या म्हणतात. तू असलास तर बरं." आम्ही मिरजेला पोचलो तेव्हा भाचा आणि दोन्ही भाच्या बैठकीत बसलेल्या होत्या. टेबलावर टाईप केलेले प्रतिज्ञापत्र होते, वर पेन ठेवलेले.

मरहूम दुल्हाभाईंची १९७९ सालची येझदी भाच्याच्या नावावर करायची होती. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायची तर आरटीओत नमुना ३१ भरावा लागतो, आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही असे प्रतिज्ञापत्र सोबत मागतात. तोच हा कागद. आपाने आणि दोघी मुलींनी सही केली की काम झाले. त्यात किमतीचा उल्लेख कुठेच नव्हता. आम्ही विचारले, तर भाचा म्हणाला, "मामू, भंगारवाला चार हजार म्हणतो. त्यात काय वाटायचं?"

हे वाक्य आम्हाला ओळखीचे वाटले. का, ते पुढे येईलच.

मोठी भाची गप्प राहिली. धाकटीने मोबाईल पुढे केला. तशाच येझदीची जाहिरात होती, मागणी पावणेदोन लाखांची.

घरातले बाकीचे सगळे कुरकुर न होता वाटले गेले होते. पतसंस्थेचे कर्ज फेडले, दफनाचा खर्च वजा केला, उरलेली रक्कम बँकेतून निघाली तशी ज्याच्या त्याच्या हातात गेली. रोख पैशाला किंमत लावावी लागत नाही. अडते ते वस्तूपाशी. वाचक भगिनींची जी पत्रे आम्हाला येतात त्यांतही भांडण जमिनीचे कमी आणि शिलाई मशीन, कपाट, देगच्या यांचे जास्त असते. वस्तू ज्याच्या ताब्यात असते तोच तिची किंमत सांगतो आणि ती कमी सांगतो. बहीण गप्प बसते, कारण हिस्सा मागणारी बहीण म्हणून नाव पडते.

भाचा वाईट मुलगा नाही, हे इथेच सांगून ठेवतो. अब्बांच्या आजारपणात आठ महिने त्यानेच सारे केले. गाडी त्याला चालवायची आहे, विकायची नाही. "आठवण आहे, तिला काय किंमत लावायची?" असे तो म्हणाला ते मनापासूनच. पण आठवण तिघांची होती आणि गाडी एकाच्या अंगणात राहणार होती.

म्हणून आम्ही सह्या थांबवल्या आणि गल्लीच्या टोकाच्या उस्तादला बोलावले. तीस-पस्तीस वर्षे जावा-येझदीच दुरुस्त करणारा माणूस. आम्ही त्याला एकच प्रश्न आधी विचारला: तुला ही गाडी घ्यायची आहे का? नाही म्हणाला. मग बस, म्हटले. जो घेणार आहे त्याने भाव ठरवू नये, आणि ज्याला दलाली मिळणार आहे त्यानेही नाही.

भंगाराचा हिशेब त्याने उभ्या उभ्या निकालात काढला. एकशे चाळीस किलोच्या आतबाहेरची गाडी, किलोला तीस रुपये धरले तर चार-सव्वाचार हजार. "हा लोखंडाचा भाव झाला. गाडीचा भाव अजून कोणी सांगितलाच नाही."

येझदी तरुण वाचकांना नव्या शोरूममुळे माहीत असेल, कारण २०२२ पासून ते नाव पुन्हा बाजारात आले आहे. जुनी येझदी वेगळी. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने आधी चेकोस्लोव्हाकियाची जावा इथे बनवली, सत्तरच्या दशकात तिचेच नाव येझदी झाले, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. किकचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा दांडा होतो. पहिल्यांदा चालवणारा हमखास गोंधळतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचे. कारखाना गेल्यामुळे मूळ सुटे भाग आता नवे बनत नाहीत. जे गाडीवर शाबूत आहे त्याला म्हणून तर मोल आहे.

उस्तादने गाडी शेडमधून बाहेर काढली. चारपाच वर्षे ती जागची हलली नव्हती. त्याने रंगाकडे बघितलेही नाही. रॉकेलच्या फडक्याने आधी इंजिनवरचा नंबर पुसला, मग चॅसिसवरचा, आणि कागद धरून पेन्सिलने दोन्ही छाप घेतले. आरसी बुकाशी ताडले. दोन्ही जुळले. "हे जुळलं नसतं तर पुढं बघायचं कारणच नव्हतं," तो म्हणाला. इंजिन दुसऱ्या गाडीचे असले तर नाव बदलायला अडचण, आणि जुनी गाडी जपणारा गिऱ्हाईकही पाठ फिरवतो.

मग दोन्ही सायलेन्सर ठोकून बघितले. मूळचे होते, आतून सडलेले नव्हते. टाकीत टॉर्च टाकला, तळाला थोडा गंज. स्पीडोमीटरवर एकोणीस हजार किलोमीटर दिसत होते. भाच्याला ती जमेची बाजू वाटली, पण केबल कधी तुटली ते कोणाला आठवेना, म्हणून तो आकडा सोडून दिला. शेवटी हेड उघडले. पिस्टनच्या माथ्यावर ५० कोरलेले होते. म्हणजे सिलिंडर दोनदा बोअर होऊन पिस्टन अर्धा मिलिमीटर वाढीव बसलेला. पुढे पाऊण आणि एक मिलिमीटर अशी दोन मापे शिल्लक. सिलिंडरचे आयुष्य अजून आहे, पण निम्मे गेले. क्रँकला मात्र हाताला लागेल इतकी हालचाल होती, आणि उभ्या टू-स्ट्रोक गाडीचे ऑइल सील कडक होतातच. इंजिन खोलावे लागणार होते.

आता भाव. धाकटीच्या मोबाईलमधला आकडा आम्ही हसून बाजूला सारला नाही. तिलाच त्या माणसाला फोन लावायला सांगितला. तीन महिने झाले तरी गाडी विकली गेली नव्हती. नव्वद हजारांपर्यंत लोक आले, त्याने दिली नाही. जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. गाडी त्या भावाला गेली तरच तिला भाव म्हणायचे. उस्तादला त्याच्या हातून वर्षभरात गेलेल्या तीन येझदी आठवत होत्या. एक कागद नसलेली, भागांसाठी म्हणून बावीस हजारांना गेली. एक जुन्याच रंगाची, चालू, कागद नीट, ऐंशी हजारांना. तिसरी रंग, क्रोम, सगळे नवे करून सव्वा लाखाला.

आपाच्या गाडीशी जवळची कोणती? मधली. तीही जुन्या रंगाची, हीही. फक्त ती चालत होती आणि तिचे कागद चालू होते. मग हिला तिच्या पंक्तीला बसवायला किती लागतील ते मोजायचे. उस्तादने आपाच्या किराणा वहीच्या पाठच्या पानावर लिहिले: क्रँक, बेअरिंग, सील, आणि कोल्हापूरला उद्यमनगरात बोअर करून नवा पिस्टन, मिळून १४,०००. टायर-ट्यूब ४,०००. वायरिंग, सहा व्होल्टची बॅटरी, केबली ४,०००. कागदांचे काम राहिले. आरसीवरचा शेवटचा शिक्का २००९ चा होता. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि फिटनेस लागतो, पर्यावरण कर वेगळा, विमा वेगळा, राहून गेलेल्या काळाचा दंड, नवी नंबरप्लेट. त्याचे १०,००० धरले. एकूण ३२,०००. ऐंशीतून बत्तीस गेले, राहिले अठ्ठेचाळीस हजार.

इथे भाच्याने वही ओढून घेतली. "रंगाचे आणि क्रोमचे तीस हजार राहिले, मामू." ते वजा केले की अठरा हजार उरतात. त्याचे म्हणणे वरवर खोटे नव्हते. तो रंग करणार होता, खर्च होणारच होता. आम्हालाही क्षणभर पटले. पण उस्तादने बोट वहीवर आपटले. रंग-क्रोमचा खर्च धरायचा असेल तर वरचा आकडाही रंग-क्रोम केलेल्या गाडीचा, म्हणजे सव्वा लाख, धरा. त्यातून बासष्ट वजा करा. त्रेसष्ट हजार येतात. अर्थात तेवढ्या कामात रंगाऱ्याची आणि मालकाची मेहनत, महिनोन्‌महिने थांबणे आणि पैसे अडकणे आले, म्हणून तो हिशेब नको, मधलाच बरा. पण खर्च सव्वा लाखाच्या गाडीचा आणि भाव ऐंशी हजारांच्या गाडीचा, हे जमायचे नाही. जुने घर, जुना ट्रॅक्टर, जुनी घंटी, कशाचाही भाव पाडून मागणारा हीच गंमत करतो, आणि बहुतेकदा त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही.

भाचा अजून अठरावर अडलेला होता. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली मोठी भाची बोलली. "ठीक आहे भाईजान, अठरा. मग गाडी मी घेते. तुझा हिस्सा आजच देते."

बैठकीत कोणीच बोलले नाही. आपा चहा टाकायला उठून गेली.

चहा झाल्यावर भाच्याने स्वतःच वहीवर अठ्ठेचाळीसभोवती गोल काढला. आमच्या मते तो सगळ्या दिवसातला खरा भाव ठरवण्याचा क्षण होता. ज्या किमतीला वस्तू घ्यायची तयारी आहे त्याच किमतीला ती सोडायचीही तयारी असेल, तर त्या आकड्यावर सही करावी.

वाटणीचे गणित सोपे होते. दुल्हाभाईंचे आईवडील आधीच गेलेले, म्हणून वारस चारच. पत्नीला आठवा भाग, उरलेल्यात मुलाचे दोन आणि प्रत्येक मुलीचा एक. अठ्ठेचाळीस हजारांत आपाचे ६,०००, भाच्याचे २१,०००, दोघींचे १०,५०० प्रत्येकी. म्हणजे गाडी ठेवून भाच्याने २७,००० द्यायचे. चार हजारांच्या हिशेबाने मुलींच्या वाट्याला पावणेनऊशे आले असते. एकरकमी त्याला जमण्यासारखे नव्हते, म्हणून तीन हप्ते ठरले आणि तेही वहीवर लिहिले. आपा म्हणाली, माझे सहा हजार राहू दे त्याला. आम्ही म्हटले, आधी हातात घे, मग द्यायचे तर दे. तिने घेतले. अजून तरी परत दिलेले नाहीत.

त्या दिवशी शब्द निघाला म्हणून एक गोष्ट. भाचा गाडीला सारखा 'व्हिंटेज' म्हणत होता. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदता येते. त्या नोंदणीचे वीस हजार पडतात, नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात, आणि मग ती प्रदर्शन, रॅली अशा कामांखेरीज रोज रस्त्यावर आणता येत नाही. १९७९ ची येझदी त्यात अजून बसत नाही, आणि रोज कामावर न्यायची असेल तर बसली तरी उपयोग नाही. विकणारा या शब्दाचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर आपा आणि आम्ही ओसरीवर बसलो. आमच्या अब्बांची राजदूत होती. ते गेल्यावर ती आम्हीच ठेवली, दोन वर्षे फिरवली आणि १९९८ साली एका दूधवाल्याला ४,८०० रुपयांना दिली. आपाला विचारले नव्हते. अम्मींनी एकदा विषय काढला तेव्हा आम्हीच म्हणालो होतो, त्यात काय वाटायचं.

वही तिथेच होती. अम्मींचे ६००, उरलेल्या ४,२०० मधले आपाचे १,४००. आता अम्मीही नाहीत, त्यांच्या सहाशेतले २०० पुन्हा आपाचेच. सोळाशे. आम्ही आकडा लिहून वही तिच्याकडे सरकवली आणि म्हटले, आजच्या पैशात याचे किती होतात ते तू सांग, तेवढे देतो.

तिने चष्मा लावून पान बघितले. "तेव्हा विचारलं असतंस तर नको म्हणाले असते," ती म्हणाली. "आता दे. आणि सोळाशेच दे, ते वाढवून देऊ नकोस."

आम्ही पाकीट काढले. पंधराशेच निघाले. उरलेले शंभर पुढच्या रविवारी नेऊन दिले.