संहितेवरील स्वाक्षरी

शाळेत नाटक बसविणाऱ्या मनुष्याची प्रतिष्ठा आपल्याकडे हंगामी असते. स्नेहसंमेलनाची तारीख ठरली म्हणजे त्याचा शोध सुरू होतो. कोठे तो मराठीचा वा इतिहासाचा शिक्षक असतो, कोठे अल्पशा मानधनावर बाहेरून बोलाविलेला रंगकर्मी. तालमीसाठी त्याला शाळा सुटल्यानंतरचा, मुले भुकेली झालेली असतात तोच तास मिळतो. नाटकाला बक्षीस मिळाले तर ढाल मुख्याध्यापकांच्या दालनात जाते आणि तक्रार आली तर खुलासा मात्र एकट्या त्याच्याकडून मागविला जातो. या शेवटल्या गोष्टीविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

2018 साली केरळात, कोझिकोड जिल्ह्यातील मेमुंडा येथील शाळेने ‘किताब’ हे नाटक जिल्ह्याच्या शालेय कलोत्सवात सादर केले. मशिदीत बांग देणाऱ्याच्या मुलीला आपणही बांग द्यावी असे वाटते, हे त्याचे बीज. रफीक मंगलश्शेरी यांच्या या नाटकाने पहिला क्रमांक मिळविला. परंतु धर्माचा उपमर्द झाल्याची ओरड होताच शाळेने ते मागे घेतले आणि राज्य कलोत्सवाच्या रंगमंचावर ते गेलेच नाही. ज्या अमदानीत 1910 साली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली, त्या अमदानीतील 1876 चा नाट्यप्रयोगविषयक कायदा 2018 च्याच आरंभी रद्द झाला होता, ‘किताब’ थांबविण्यास मात्र कोणत्याही सरकारी फर्मानाची गरज पडली नाही. शाळेच्या सावधगिरीनेच ते काम उरकले. येथे आणखी एक गोष्ट, कटू असली तरी, नमूद केली पाहिजे. नाटकाला आधारभूत मानल्या गेलेल्या कथेचे लेखक उन्नी आर. यांनी आपली अनुमती घेतली गेली नसल्याचे जाहीर करून नाटकापासून अंग काढून घेतले आणि जो पाठीशी उभा राहावयाचा तोच तक्रारदारांच्या रांगेत दिसू लागला. ‘अमुक कथेवर बेतलेले’ एवढी ओळ छापून लेखकाला न विचारता संहिता उभी करण्याची जी खोड आपल्या स्पर्धांतही मुरलेली आहे, तिची किंमत अशा वेळी भरावी लागते.

याहून गंभीर प्रकरण आपल्या शेजारी, 1956 पर्यंत आपले उदगीर ज्या जिल्ह्यात मोडत असे त्या बीदरमध्ये घडले. जानेवारी 2020 मध्ये तेथील एका शाळेत लहान मुलांनी नागरिकत्व कायद्यावरील नाटक केले; त्यातील एका संवादाने पंतप्रधानांचा अवमान झाला अशी तक्रार होऊन राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिका व एका विद्यार्थिनीची आई यांना अटक झाली आणि पोलिसांनी मुलांचे जाबजबाब घेतले. गणवेशातील पोलिसांनी मुलांना असे प्रश्न विचारणे हे बालन्यायविषयक तरतुदींचे सकृद्दर्शनी उल्लंघन असल्याचे कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले आणि जून 2023 मध्ये गुन्हाच रद्द केला. प्रयोग शाळेच्या आवारात झाला होता, हिंसेस चिथावणी देणारा शब्द त्यात नव्हता आणि त्याचे चित्रण फेसबुकवर चढेपर्यंत बाहेरच्या जगाला त्याची वार्ताही नव्हती, हे न्यायालयाने विचारात घेतले.

त्यांतील शेवटचे कारण आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे असे आहे. शालेय नाटकाचा प्रेक्षक आजवर ओळखीचा असे. रंगमंचावर कोण बोलत आहे, तो कोणाचा मुलगा आणि हा संवाद कोणत्या प्रसंगानंतर येतो हे पुढे बसलेल्याला ठाऊक असे. आता प्रत्येक पालकाच्या हातात चित्रण करणारा दूरध्वनी आहे आणि चाळीस मिनिटांच्या प्रयोगातील अर्धे मिनिट, त्याच्या मागचापुढचा संदर्भ गळून, अशा लोकांपुढे जाते की ज्यांना ते नाटक आहे हेही समजू नये. चित्रणावर बंदी घालावी असे आम्ही म्हणत नाही. ती कोणी पाळणार नाही, आणि आपल्या लेकीचे पहिले नाटक टिपण्याचा आईबापांचा हक्क आम्हांस मान्य आहे. परंतु संपूर्ण प्रयोगाचे एक चित्रण आणि संहितेची अखेरची प्रत शाळेच्या दप्तरी असली तर अर्ध्या मिनिटाला उत्तर देण्यास काहीतरी हाती राहते.

त्याच निकालात, सरकारी धोरणांवरील टीकेपासून शाळा दूर राहाव्यात आणि मुलांना अभ्यासात रुची उत्पन्न करणारे विषयच नाटकासाठी अधिक इष्ट, असाही अभिप्राय आहे. निकालाचा आदर राखून आम्ही या अभिप्रायाशी असहमती नोंदवितो. घरात दूरदर्शनवर रोज रात्री जे भांडण चालते ते ऐकणारे मूल शाळेत आल्यावर त्याविषयी काहीच विचारणार नाही, ही समजूत तालमीच्या पहिल्याच दिवशी कोसळते. मात्र मोठ्यांनी आपला राग लिहून काढावा आणि मुलाने तो पाठ करून म्हणावा, हाही प्रकार आम्हांस मुळीच मान्य नाही, मग तो राग कितीही न्याय्य असो. जो संवाद मुलाला स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता येत नाही, तो संहितेतून काढावा. आणि जो मुलांनीच तालमीत बोलता बोलता घडविला, तो कोणाच्या इतराजीच्या धास्तीने एका रात्रीत कापू नये. निदान त्यांना विचारल्याखेरीज तरी कापू नये. प्रयोग मागे घेण्याचे ठरते तेव्हा ती बैठक मोठ्यांचीच भरते, आणि महिनाभर पाठांतर केलेली मुले दाराबाहेर उभी राहतात.

म्हणून आमची सूचना रुक्ष आणि कारकुनी आहे. पहिल्या तालमीपूर्वी संहिता मुख्याध्यापक व संस्थाचालक यांनी वाचावी, प्रत्येक पानावर त्यांची स्वाक्षरी असावी, मूळ लेखकाचे अनुमतिपत्र सोबत जोडावे, आणि हे नाटक शाळेचे आहे असा ठराव व्यवस्थापनाच्या इतिवृत्तात घ्यावा. हे मागितल्यावर काही ठिकाणी नाटकच नको म्हणतील, याची आम्हांस कल्पना आहे; तो नकार डिसेंबरात मिळाला तर दुसरी संहिता निवडण्यास अवधी तरी उरतो. अशा ठरावाचा नमुना पुढील अंकात देण्याचा मानस असून, ज्या शाळांच्या दप्तरी असे कागद असतील त्यांनी नावगाव गाळून त्यांच्या प्रती आमच्याकडे धाडाव्यात.