नकार लेखी मागा

भिवंडीच्या यंत्रमागावर बोटे गमावलेल्या कामगाराचे अपंगत्व चाळीस टक्क्यांहून कमी ठरले, की संजय गांधी निराधार योजनेचे अपंगांसाठीचे अनुदान त्याला नाकारले जाते. वैद्यकीय तपासणीत शरीराची हानी मोजली जाते. तुटलेला धागा सांधता न आल्याने बुडालेली मजुरी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ५९ वे कलम या निर्णयाविरुद्ध अपिलाचा हक्क देते. परंतु मीटरवर मजुरी घेणाऱ्याला रुग्णालयाची प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा. पाठीशी कोणी उभे नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो. म्हणून कार्यकर्त्यांनी मोर्चाबरोबर अर्जही लिहावेत. तोंडी नकार स्वीकारू नये, तो लेखी व सकारण मागावा आणि मुदतीत अपील दाखल करावे.