घरचें साधन आणि मोटारसायकलीचा ब्रेक

शेतकऱ्याच्या अवजारांत आज मोटारसायकलीची गणना करावयास हरकत नसावी. रत्नागिरी जिल्ह्यांत घर एका वाडींत, बाग डोंगरावर आणि बाजारपेठ तिसऱ्याच गांवीं. खताचें पोतें व आंब्याची पेटी याच वाहनावरून जाते. फाळ बोथट झाल्यास एक दिवसाचें काम अडतें; परंतु आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरतांना ब्रेक लागला नाहीं, तर मनुष्यच जातो. तरीही फाळाला वेळेवर धार लावून घेणारे आपण ब्रेककडे मात्र दुर्लक्ष करितों.

डिस्क ब्रेकांतील तेल हवेंतील पाणी शोषून घेतें. डॉट-४ जातीचें ताजें तेल निदान २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये, असें प्रमाण ठरलेलें आहे; त्यांत शेंकडा सुमारें ३.७ पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबल्यानें तेल तापतें, उकळतें व त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढें पोंचवीत नाहीं. मग मूठ आंत जाते, पण गाडी थांबत नाहीं. वर्षास ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या दमट मुलखांत तेल दोन वर्षांनीं तरी बदलावेंच.

यास लागणारें साधन घरीं होतें. एका पारदर्शक बाटलीच्या झांकणास दोन भोकें पाडावीं. एकांतून पारदर्शक नळी बुडापर्यंत सोडावी, दुसरें हवेसाठीं ठेवावें. बाटलींत नळीचें टोंक बुडेल इतकें ब्रेकचें तेल घालावें. ब्रेकच्या निपलावर आधीं पाना बसवून मग नळी घट्ट चढवावी. मूठ दाबून धरावी, निपल किंचित् सैल करावें, तेल आलें कीं आवळावें आणि मगच मूठ सोडावी. नळींतील बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत असें करावें. वरची टाकी मात्र रिकामी होऊं देऊं नये.

कोणी म्हणेल, हें काम कारागिराचें आहे. तें खरें, परंतु कारागीर दूर आहे म्हणून काम वर्षानुवर्षें राहतें, हेंही तितकेंच खरें. दापोलीच्या कृषि विद्यापीठाचा नूतन झेला काठी, जाळी व पातें अशा साध्याच वस्तूंचा आहे. साधन साधें असणें हा दोष नव्हे. तें समजून न वापरणें हा दोष होय.

मात्र साधन घरचें, म्हणून तेलही घरचें चालेल असें समजूं नये. खोबरेल किंवा यंत्राचें तेल घातल्यास आंतील रबरी भाग फुगून ब्रेक निकामी होतो. गाडीवर लिहिलेल्या जातीचेंच, बंद डब्यांतील तेल घ्यावें. तें विषारी असल्यानें बाटलीवर तसें लिहावें. रंगावर सांडल्यास लगेच पाण्यानें धुवावें. गाडींत एबीएस असून त्याच्या यंत्रांत हवा शिरली असेल, किंवा काम झाल्यावरही मूठ मऊच लागत असेल, तर गाडी कारखान्यांतच न्यावी. अशा वेळीं हट्ट धरणें हें शहाणपण नव्हे.

आमची सूचना एवढीच कीं, प्रत्येक गांवच्या शेतकरी मंडळानें असें एक साधन व योग्य मापाचा पाना ठेवावा आणि दिवाळीनंतर, आंब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं, एक दिवस जाणत्या कारागिरास बोलावून तरुणांस हें काम शिकवावें. खर्च थोडा आहे, आणि वाचणार आहे तो आपल्याच घरचा माणूस.