विश्लेषण : ‘अ‍ॅप ऑप्टिमाइझ’ झाले, तरी ते संथ का?

अँड्रॉइड फोनची सिस्टीम अपडेट झाली की ‘अ‍ॅप्स ऑप्टिमाइझ होत आहेत’ असा संदेश अनेकदा झळकतो. आपण थांबतो, फोन थोडा गरम होतो आणि नंतर तेच अ‍ॅप उघडायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो! मग या ऑप्टिमायझेशनने साधले काय?

कम्पायलर काय करतो?

प्रोग्रामरने लिहिलेला कोड प्रोसेसरला थेट कळत नाही. त्याचे यंत्रभाषेत रूपांतर कम्पायलर करतो. ते करताना तो साफसफाईही करतो. निरुपयोगी ओळी गाळतो, उत्तर ठरलेले गणित आधीच सोडवून ठेवतो, लूपमध्ये वारंवार होणारे तेच काम एकदाच करतो. २०१६ मधील अँड्रॉइड ७ पासून तर अ‍ॅपचा जो भाग तुम्ही जास्त वापरता, तो ओळखून फोन चार्जिंगला असताना कम्पाइल केला जातो.

फरक जाणवतो का?

फोटो एडिटिंग, गेम अशा प्रोसेसरला राबवणाऱ्या कामांत नक्की जाणवतो. प्रत्यक्ष वापराच्या नोंदींआधारे कम्पाइल केलेल्या क्रोम ८५ मध्ये पाने १० टक्क्यांपर्यंत लवकर उघडतात, असे गुगलने २०२० मध्ये सांगितले होते.

रोजच्या अ‍ॅपचे गणित मात्र वेगळे आहे. समजा, तिकीट बुकिंगचे अ‍ॅप उघडायला ३ सेकंद लागतात आणि त्यातले अडीच सेकंद सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात जातात. उरलेला अर्धा सेकंद कम्पायलरने २० टक्क्यांनी कमी केला, तरी वाचतो फक्त ०.१ सेकंद. तो कोणाच्या लक्षात येणार?

मग दोष कोणाचा?

‘जीटीए ऑनलाइन’ हा गेम सुरू व्हायला अनेक वर्षे काही मिनिटे लागत. २०२१ मध्ये एका प्रोग्रामरने कारण शोधले. सुमारे १० एमबीची यादी वाचताना, प्रत्येक तुकड्यागणिक उरलेल्या मजकुराची लांबी पुन्हा मोजली जात होती. त्याने केलेल्या दुरुस्तीने हा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि कंपनीनेही ही चूक सुधारली. कम्पायलर दिलेले काम चपळाईने करून घेतो. ते काम मुळात चुकीच्या पद्धतीने मांडले आहे, हे सहसा त्याला कळत नाही.

म्हणूनच अ‍ॅप बनवणाऱ्यांनी वेगाची जबाबदारी कम्पायलरवर किंवा ग्राहकाच्या ‘जुन्या’ फोनवर ढकलू नये. अनावश्यक जाहिराती आणि अ‍ॅनिमेशन कमी करावे. आपले अ‍ॅप महागड्या फोनवर नव्हे, तर स्वस्त फोनवर आणि कमकुवत नेटवर्कवर तपासावे.

आणि नवा फोन घेण्याआधी आपणही एवढे पाहावे : एकच अ‍ॅप रखडत असेल, तर दोष बहुधा त्या अ‍ॅपचा किंवा त्याच्या सर्व्हरचा आहे. सगळेच रखडत असेल, तर आधी नेटवर्क आणि भरलेले स्टोरेज तपासा. कदाचित हजारो रुपये वाचतील.