आभासी जगाचा उंबरठा

संगणकाच्या पडद्यावर उभारलेली आभासी जगे सर्वांना खुली आहेत, असे त्यांचे मालक सांगत असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब ह्या कंपनीने २००३ साली सुरू केलेल्या ‘सेकंड लाइफ’मध्ये खाते उघडण्यास पैसे पडत नाहीत, हे खरेच आहे. परंतु आत शिरण्यासाठी लागणारा संगणक ज्याचा त्याने विकत घ्यायचा असतो, आणि तो किती सामर्थ्याचा असावा हे ठरविण्याचा अधिकार मात्र घेणाऱ्याकडे नसतो.

कार्यकर्त्यांना हा विषय सुखवस्तूंच्या खेळाचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ह्या जगात माणसे भेटतात, सभा भरवितात, शिकतात, घरे बांधतात. (तीही मासिक भाड्याच्या जमिनीवर, जमीनदारीने नवे जगही सोडलेले नाही.) घराबाहेर पडणे ज्यांना अशक्यप्राय असते, अशा अपंगांना तर ही नुसती करमणूक नव्हे. मल्टिपल स्क्लेरोसिसने ग्रासलेल्या अ‍ॅलिस क्रूगर यांनी उभारलेली ‘व्हर्च्युअल अ‍ॅबिलिटी’ ही संस्था तेथे अशाच व्यक्तींना आधार देते. अपंगत्वामागोमाग बहुधा आर्थिक ओढगस्त येते. म्हणजे ज्यांना ह्या जगाची गरज अधिक, त्यांच्याच घरी जुना संगणक असण्याचा संभव अधिक.

२०२३च्या अखेरीपासून कंपनीने प्रकाश व वस्तूंचे पृष्ठभाग अधिक वास्तव दिसावेत अशी नवी चित्रणपद्धती आणली. तिला कोणी विरोध करण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्याबरोबर जुनी, हलकी पद्धती निवडण्याची सोयच काढून घेण्यात आली, आणि कालपर्यंत चालणारी अनेक यंत्रे अडखळू लागली. पुढील आवृत्त्यांत हा भार काहीसा हलका झाला, तोही वापरणाऱ्यांच्या तक्रारींनंतर.

सारा दोष कंपनीचा नाही. तेथील बहुतेक वस्तू रहिवासीच बनवून विकतात. १०२४ बिंदू लांब व तेवढेच रुंद चित्र संगणकात उलगडले की सुमारे ४ मेगाबाइट स्मृती व्यापते. लांबी-रुंदी दुप्पट केली की १६. असे चित्र कोणी कोटाच्या गुंडीवर चिकटविले, तर त्याची किंमत ना विक्रेत्याला पडते, ना कोट मिरविणाऱ्याला; ती आसपास उभ्या असलेल्या प्रत्येकाचे यंत्र मोजते. कारखानदाराने सांडपाणी नदीत सोडावे आणि खालच्या गावाने ते प्यावे, त्यातलाच हा प्रकार. २०१६ साली ह्यावर एक बरा उपाय निघाला. ज्याचा साज ठरावीक मर्यादेहून जड, तो इतरांच्या पडद्यावर नुसती एकरंगी आकृती म्हणून दिसू लागला. भपक्याची किंमत निदान येथे तरी भपका करणाऱ्याच्या वाट्याला आली.

तंत्रज्ञानाची ही अपरिहार्य गतीच आहे, असा युक्तिवाद केला जातो. इतिहास वेगळे सांगतो. लुकासफिल्मचे ‘हॅबिटॅट’ १९८६ साली अवघी ६४ किलोबाइट स्मृती असलेल्या कमोडोर ६४ ह्या घरगुती संगणकावर, मंद टेलिफोन जोडणीवरून चालत असे. तारेवरून पाठवायचे ते वस्तूंचे वर्णन. चित्र ज्याच्या त्याच्या यंत्राने झेपेल तसे काढावे, हे त्याच्या रचनाकारांचे सूत्र होते. साधने तुटपुंजी होती, म्हणून विचार काटकसरीचा झाला.

दूरच्या शक्तिमान यंत्रावर चित्र तयार करून ते जुन्या संगणकावर नुसते दाखवावे, असाही मार्ग आहे. ऑनलाइव्ह कंपनीने २०१४ साली ‘एसएल गो’ ही सेवा त्याच तत्त्वावर पैसे घेऊन सुरू केली, आणि एप्रिल २०१५ मध्ये व्यवसायच गुंडाळल्याने ती बंद पडली. वापरणारे पुन्हा उंबरठ्याबाहेर.

टिकला तो दुसरा मार्ग. लिंडन लॅबने २००७ साली आपल्या ‘व्ह्यूअर’ची, म्हणजे ह्या जगात शिरण्याच्या आज्ञावलीची, मूळ संहिता मुक्त परवान्याखाली खुली केली. त्यातून स्वतंत्र व्ह्यूअर निर्माण झाले. मूळ कंपनीने टाकून दिलेली हलकी चित्रणपद्धती नव्या पद्धतीच्या जोडीने चालू ठेवता येते, हे ‘कूल व्हीएल व्ह्यूअर’ने प्रत्यक्ष दाखविले. ‘रॅडेगास्ट’ ही मुख्यतः मजकुरावर चालणारी छोटी आज्ञावली तर दुबळ्या यंत्रांप्रमाणेच अंधांच्याही उपयोगी पडली. जे कंपनीला परवडत नव्हते, ते स्वयंसेवी श्रमाला कसे परवडले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

तथापि मुक्त व्ह्यूअरलाही अखेर कंपनीच्याच सर्व्हरशी बोलावे लागते. तिने उद्या ती भाषा बदलली, तर स्वयंसेवकांचे काम एका दिवसात निरुपयोगी होऊ शकते. म्हणून जुन्या यंत्रांची वाट किती वर्षे चालू राहील हे कंपनीने आधी लेखी जाहीर करावे, आणि विक्रीस ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या किमतीशेजारी तिचा भारही छापावा, ही मागणी वापरणाऱ्यांनी संघटितपणे लावून धरली पाहिजे.