रबर, एक नग

चालती मोटरसायकल सांभाळणे सोपे. अवघड असते ती उभ्या मोटरसायकलला सांभाळणे. हे शहाणपण मला यंदाच्या उन्हाळ्यात, औंधहून सांगवीकडे येताना, एका सिग्नलवर प्राप्त झाले. दिवा तांबडा होता. मी रेस सोडली. गाडी दोनदा खाकरली, एकदा उगीचच मोठ्याने ओरडली आणि बंद पडली. दिवा हिरवा झाला तेव्हा मी किका मारीत होतो आणि मागची मंडळी माझ्या पूर्वजांची विचारपूस करीत होती.

पूर्वजांचा संबंध होताच म्हणा! गाडी आमच्या अण्णांची. दापोडीच्या एस.टी.च्या कार्यशाळेत उभा जन्म काढून अण्णा २००५ साली निवृत्त झाले आणि हाती आलेल्या पैशांतून त्यांनी ही घेतली. गेल्या वर्षी आषाढात अण्णा गेले. त्यानंतर आठ महिने ती जुन्या सांगवीतल्या आमच्या घरी, जिन्याखाली, चादर पांघरून उभी होती. विकून टाकावी असे सर्वानुमते ठरले. सर्वानुमते म्हणजे आई सोडून. ती काहीच बोलली नाही. तेव्हा मीच म्हटले, कॉलेजात जायला वापरून तर पाहू.

पण गाडी ‘स्लो’ला राहीना. रेस सोडल्यावर अशा इंजिनाने मिनिटाला साधारण बाराशे-चौदाशे फेऱ्या घेत शांतपणे धडधडत राहावे, अशी अपेक्षा असते. आमच्या इंजिनाचा आवाज कधी चढे, कधी पडे. शेवटच्या बाकांवरच्या विद्यार्थ्यांसारखा.

अशा वेळी माझ्यासारखा मनुष्य काय करतो? कार्बोरेटरला एक स्क्रू असतो. तो पिळला की रेस वाढते. मी पिळला. गाडी बंद पडेनाशी झाली, पण उभ्याउभ्या गुरगुरू लागली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “ह्यांची गाडी अशी ओरडत नव्हती रे.” वर्गात गडबड झाली की मीही आधी आवाजच चढवतो. गडबड का झाली, हे विचारायचे राहूनच जाते.

शेजाऱ्यांनी यथाशक्ति सल्ले दिले. एकाने प्लग बदलायला सांगितले, दुसऱ्याने पेट्रोल पंप बदलायला, तिसऱ्याने गाडीच. शेवटी नव्या सांगवीतल्या एका गल्लीत मला एक तरुण मिस्त्री भेटला. त्याने पान्याला हात लावण्याआधी मला प्रश्न विचारले. गाडी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? हँडल वळवले की आवाज बदलतो का? (बदलला तर रेसची केबल ताणलेली असते.) रेस सोडल्यावर आवाज झटकन उतरतो की रेंगाळतो? आमचा रेंगाळत होता. “म्हणजे कुठूनतरी जादा हवा ओढतेय,” तो म्हणाला, “पण क्रमाने जाऊ, सर.”

क्रमाने म्हणजे असे. आधी हवेची जाळी साफ केली. मग प्लग काढून त्याचे तोंड पुसले आणि त्याच्या फटीचे अंतर पुस्तकाबरहुकूम लावले. मग कार्बोरेटर. त्यावरचा हवेचा बारीक स्क्रू काढण्यापूर्वी त्याने तो हलक्या हाताने आत बसवत किती फेरे बसतात ते मोजले. पावणेदोन. “मोजल्याशिवाय उघडायचं नाही, सर. नाहीतर परत बसवणार कुठे?” आतला स्लोचा जेट त्याने उजेडात धरून दाखवला. केसाएवढे भोक, आणि आठ महिन्यांत पेट्रोल सुकून त्यात चिकटा धरलेला. मी तार शोधू लागलो, तेव्हा त्याने माझा हात धरला. तारेने भोक मोठे होते म्हणे. औषधाच्या फवाऱ्याने आणि हवेच्या झोताने साफ करायचे.

गाडी सुधारली, पण रेंगाळणे गेले नाही. मग त्याने चालू इंजिनावर, कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या काळ्या रबरी नळीवर, साध्या पाण्याचा फवारा मारला. आवाज एकदम बदलला. नळीच्या खालच्या अंगाला, सहज न दिसणारी चीर होती. (काही लोक हीच परीक्षा पेट्रोल उडवून करतात. तापलेल्या इंजिनावर तसे कोणी करू नये.)

एवढीशी चीर, तिचा एवढा बोभाटा का? तर गाडी पळत असताना इंजिन हवा भसाभस ओढते, त्यात चिरेतली चोरटी हवा कोणाच्या लक्षात येत नाही. जागेवर उभी असताना मात्र दार जवळजवळ बंद असते. मोजकी हवा, मोजके पेट्रोल. तिथे चिमूटभर हवा जास्त झाली तरी मिश्रण पातळ होते आणि गाडी गुदमरते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले. तेव्हापासूनच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही. हा हिशेब संगणक ठेवतो. आमच्या गाडीचा हिशेब माणसानेच ठेवायचा.

“आणि तो रेसचा स्क्रू,” मिस्त्री म्हणाला, “सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो, सर. तुम्ही सगळ्यात आधी फिरवलात. आता एक रबर आणा.”

एक रबर! मी तिथल्या बाकावर बसलोच.

गेल्या वर्षी चैत्रात मी पुण्यात निघालो असताना अण्णांनी यादी दिली होती. रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याची दोरी, आणि खाली, ‘रबर, एक नग’. संध्याकाळी मी सारे आणून दिले. पांढरे, सुवासिक, चांगल्यातले खोडरबर! शब्दाला संदर्भाने अर्थ येतो, असे वर्षानुवर्षे शिकवणारा मी. अण्णांनी ते हातात घेतले, माझ्याकडे पाहिले, नुसते “बरं” म्हणाले. मग ते आजारी पडले.

मी गाडीची हत्यारांची पेटी उघडली. पाने, पक्कड, जुना प्लग. आणि फडक्यात गुंडाळलेले ते खोडरबर, कोरे करकरीत. त्यांना चीर कळली होती. मुलाला पुन्हा सांगायचे तेवढे त्यांनी टाळले.

दुकानातून मी नळी आणली. या वेळी नमुना हातात घेऊन गेलो. मिस्त्रीने ती बसवली, हवेचा स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर आणला आणि शेवटी रेसचा स्क्रू उतरवत नेला. गाडी समईच्या ज्योतीसारखी एका लयीत लागली. खोडरबर मी पुन्हा पेटीत ठेवले.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात गाडी बंद न करता मी क्षणभर तशीच धडधडू दिली. आतून आईचा आवाज आला, “आलात?”

मला ती नेहमी “आलास?” म्हणते. व्याकरणाच्या मास्तराने चूक दाखवायला हवी होती. मी “हो” म्हणालो आणि किल्ली फिरवली.